संपलेली बॅटरी कुठे द्यायची?
रबाळे एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत यूपीएस आणि फोर्कलिफ्टसाठी शिशाच्या बॅटऱ्या सर्रास वापरतात. अशी बॅटरी उघड्यावर फोडून आतले आम्ल गटारात सोडणे घातक आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यात आम्ल निष्प्रभ करतात आणि शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीसाठी वापरतात.

मोबाइलची लिथियम-आयन बॅटरी आधी पूर्ण उतरवून मग दळतात. त्यातून मिळणाऱ्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल, लिथियम काढतात. हीच बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली, तर पेट घेऊ शकते. म्हणून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा संकलनातच द्या. फुगली असेल, तर टोचू नका.

२०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे मात्र आपले काम आहे.