भूजलातील नायट्रेटच्या स्रोताचा शोध

भूजलातील नायट्रेटच्या स्रोताचा शोध हा जलभूशास्त्रातील प्रदूषण-तपासाचा एक प्रकार आहे. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे साध्या रासायनिक चाचणीने कळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून बरेच अधिक नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवू शकते. मात्र ते खतातून आले, गोठ्यातून की मातीतूनच, हे या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी नायट्रोजनची समस्थानिके तपासतात.

== तत्त्व ==
नायट्रोजन-14 आणि नायट्रोजन-15 ही नायट्रोजनची दोन स्थिर समस्थानिके होत. हवेतील त्यांचे गुणोत्तर शून्य मानून नमुन्यातील जड समस्थानिकाचा फरक 'प्रति हजार' या मापात सांगतात. कृत्रिम खतातील नायट्रोजन हवेतूनच घेतलेला असल्याने त्याचे मूल्य शून्याच्या आसपास राहते. शेण व मूत्रातून अमोनिया उडून जाताना हलके समस्थानिक अधिक निसटते. मागे राहिलेल्या नायट्रोजनपासून बनणाऱ्या नायट्रेटचे मूल्य त्यामुळे बरेच वाढते.

== रनेल्स काउंटी ==
अमेरिकेतील टेक्सास राज्यातील रनेल्स काउंटीत भूजलाच्या 230 नमुन्यांत सरासरी 250 मिलिग्रॅम नायट्रेट आढळले. चार्ल्स क्राइटलर आणि डॅनियल जोन्स यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील मातीच्या नैसर्गिक नायट्रेटचे मूल्य +2 ते +8, तर जनावरांच्या मलमूत्रातील नायट्रेटचे +10 ते +20 होते. भूजलातील नायट्रेट मुख्यतः पहिल्या गटात बसले. म्हणजे संशय घ्यावा असे गोठे जवळ असले, तरी मुख्य स्रोत जमीनच होती. 1900 पासूनच्या कोरडवाहू शेतीमुळे मातीतील सेंद्रिय नायट्रोजनचे नायट्रेट होत गेले, पण अर्धशतक ते मुळांच्या थराखालीच अडकून राहिले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळानंतर शेतांना मोठ्या प्रमाणावर बांध घातले गेले. पाणी मुरले, भूजलपातळी सुमारे 6 मीटर वर आली आणि साठलेले नायट्रेट भूजलात उतरले. ट्रिटियम या किरणोत्सारी समस्थानिकावरून पाण्याचे वय 20 वर्षांहून कमी निघाले. कालक्रमाशी ते जुळते.

== मर्यादा ==
निरनिराळ्या स्रोतांची मूल्ये अनेकदा एकमेकांत मिसळतात. शिवाय प्राणवायू नसलेल्या थरांत जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, तेव्हा उरलेल्या नायट्रेटचे मूल्य वाढते आणि खताचे नायट्रेटही शेणाचे भासू शकते. म्हणून नायट्रेटमधील ऑक्सिजनची समस्थानिकेही मोजतात: या प्रक्रियेत दोन्ही मूल्ये बरोबरीने चढतात. सांडपाण्याचा संशय असल्यास क्लोराइड आणि बोरॉनही तपासले जातात, कारण धुलाईच्या अनेक पावडरींत बोरॉनची संयुगे असतात.