आधी बाईंना वापरून बघू द्या

शाळेसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की कंपनीचा माणूस येतो, स्वतःचा लॅपटॉप स्वतःच्याच इंटरनेटवर चालवतो, अपूर्णांकांचा धडा रंगीत चित्रांतून उलगडून दाखवतो आणि मुख्याध्यापकांपासून विश्वस्तांपर्यंत सगळे खूश होतात. ज्यांना ते रोज वर्गात चालवायचे आहे त्यांना ते चालवता येते का, एवढे मात्र कोणी बघत नाही. पुढे वर्षभरात स्मार्ट बोर्डावर धूळ बसली की खापर शिक्षकांवर फुटते. माझ्या मते खरेदीचा निर्णय प्रात्यक्षिकावर घेऊच नये. काही शिक्षकांना आपापल्या वर्गात ते वापरू द्यावे, कोणीतरी मागच्या बाकावर बसून मुकाट्याने पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.

वसई-विरारसारख्या ठिकाणी तर याला पर्याय नाही. २०११ च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर होती. पश्चिमेच्या गावांत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी घरे, नालासोपाऱ्यात घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी मुले, पूर्वेला पारोळ-उसगावच्या बाजूला वारल्यांचे पाडे. ॲपमधला आवाज प्रमाण मराठीत भरभर बोलू लागला की मुले कुठे अडतील, हे वर्गावरच्या बाईच सांगू शकतात. आकड्यांचेच बघा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ हे वाचन आले आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद गेला. पुस्तकात दोन्ही वाचने आणि ॲपला एकच ठाऊक, अशी स्थिती असेल तर संगणकतज्ज्ञाला त्यात काही वावगे दिसणार नाही, दुसरीच्या बाईंना पाच मिनिटांत दिसेल. शिवाय आपला पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली आणि वीजही गेली, हे कोणी विसरलेले नाही. लाइट आल्यावर धडा थांबला तिथून सुरू होतो की पुन्हा पहिल्यापासून, हे प्रात्यक्षिकात विचारायचे कोणाला सुचते?

पाहणीची रीत सोपी आहे, पण शिस्त हवी. शिक्षिकेला एक खरे काम द्यायचे: तिसरीच्या वर्गासाठी उद्याचा गुणाकाराचा सराव लावा आणि कोणाचे काय चुकले ते शोधा. मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करा, एवढीच विनंती. मदत करायची नाही, सुचवायचे नाही. बोट कुठे घुटमळते, कोणते बटण दोनदा दाबले जाते, पासवर्ड टाकण्यातच तासिकेतली किती मिनिटे जातात, हे टिपायचे. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला फार किंमत देऊ नये. समोर संस्थेचे लोक बसलेले असताना उत्तर ‘छान आहे’ असेच येते. पाच माणसे तपासली की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांचे प्रसिद्ध गणित आहे. ते एकसारख्या वापरकर्त्यांना लागू पडते. म्हणून एकाच शाळेतले पाच उत्साही तरुण शिक्षक नकोत. निवृत्तीला टेकलेले गुरुजी हवेत आणि दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या पाड्यावरच्या बाईही हव्यात.

शिक्षकांना सोपे वाटले म्हणून मुले शिकतील कशावरून, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ते वेगळे मोजावेच लागते. पण मोजताना काय दिसते तेही पाहा. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या गणिताच्या संगणक कार्यक्रमाचा अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी अभ्यास केला. शिक्षकाच्या तासाऐवजी तो वापरला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून वापरला तेव्हा पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच, फरक पडला तो दिवसात बसवण्याच्या पद्धतीने. ही पद्धत ठरवायला शिक्षकाइतका जाणकार कोण? तज्ज्ञांचे मूल्यमापनही उपयोगी आहे. आयआयटी मुंबई आणि सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशन यांच्या ‘तुलना’ उपक्रमात आशय, अध्यापनपद्धती आणि तांत्रिक रचना निकषांवर पारखली जाते. चाळणी म्हणून ते घ्यावे. नालासोपाऱ्यातल्या गच्च भरलेल्या वर्गात काय होईल, याचे उत्तर त्यात मिळणार नाही.

शिक्षकांना तंत्रज्ञानच नको असते, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीकडे पाहावे. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. शिक्षक वैतागतात ते सरल, यूडायस अशा सरकारी प्रणालींत माहिती भरण्याच्या ओझ्याने, आणि तो वैताग रास्त आहे. म्हणून चाचणीचा वेळ शिकवण्याच्या कामात धरावा, शाळा सुटल्यानंतर फुकट मागू नये.

शिक्षणहक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून हा आग्रह त्यांनीच धरावा. पुढच्या वेळी कंपनीचा माणूस आला की त्याला लॅपटॉप मिटायला सांगा आणि विचारा: पंधरा दिवस आमच्या बाईंकडे हे ठेवाल का? तो तयार नसेल, तर खरेदी करू नका.