सरकारी निर्णय का फसतात? कापसाच्या व्यवहारातून घेतलेला शोध

दुकानात बसले की एक वाक्य नेहमी कानावर पडते. कोणतेही नवे फर्मान निघाले की गिऱ्हाईक म्हणते, "शेठ, हा तर तुघलकी कारभार!" एवढे बोलले की बोलणाऱ्याचे समाधान होते आणि विषय तेथेच संपतो. परंतु मुहम्मद तुघलक अडाणी नव्हता. तो विद्वान होता हे त्याच्यावर टीका करणाऱ्या इतिहासकारांनीही लिहून ठेवले आहे. १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी आपल्या मराठवाड्यात, दौलताबादेस आणण्यामागे दक्षिणेवर पकड ठेवण्याचा हिशेब होता. पुढे त्याने चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी चालविली. ही कल्पनाही वेडगळ नव्हती. चीनमध्ये त्या काळी कागदाचे चलन चालत होते. पण ही नाणी घरोघर पाडता येत होती आणि लोकांनी ती पाडली. शेवटी खजिन्यातली चांदी देऊन ती परत घ्यावी लागली. म्हणजे हुशार माणसाचाही निर्णय फसतो. तो कशामुळे फसतो हे आपण व्यापाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत होतो आणि त्याचा तोटा आपल्या वहीत उतरतो.

परभणी जिल्ह्यात हा धडा शिकविणारा कापसासारखा दुसरा उस्ताद नाही. सेलू आणि मानवत ही कापसाची जुनी पेठ. कापसाचा चुकारा झाला की लग्नसराईचे कापड खपते आणि चुकारा अडला की आमची उधारीची वही फुगते.

महाराष्ट्र सरकारने १९७१ साली कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीने फक्त पणन महासंघाने घ्यायचा, खाजगी व्यापाऱ्याने हात लावायचा नाही. हेतू चांगला होता हे आपणही कबूल केले पाहिजे. त्या काळी वजनात काटा मारणे, नमुना पाहून भाव बोलणे आणि माल उतरल्यावर कट्टी कापणे हे आपल्याच व्यापारी भाईंचे उद्योग होते. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, मधला दलाल जावा, रुई आणि सरकी विकून आलेला नफाही शेतकऱ्यालाच वाटावा, अशी ही योजना होती. कागदावर तिच्यात खोट काढणे अवघड होते.

खोट होती ती राज्याच्या सीमेवर. महाराष्ट्रात भाव ठरलेला आणि शेजारच्या आंध्र, मध्य प्रदेश, गुजरातेत बाजार खुला. बाहेर भाव चढला की आपल्या भागातला कापूस रातोरात नांदेडमार्गे भैंसा आणि आदिलाबादकडे निघायचा. नाकी बसवली, गाड्या पकडल्या, पण कापूस थांबला नाही. आणि बाहेर भाव पडला की उलटी गंगा! मग बाहेरचा कापूस इकडे येऊन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर महासंघाच्या काट्यावर चढायचा. परिणाम असा की तेजीत महासंघाकडे माल कमी आणि मंदीत डोंगर. कोणत्याही आडत्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की, या रीतीने धंदा करणारा माणूस बुडणारच, मग तो कितीही प्रामाणिक असो. त्यात भर म्हणून हमीभाव बाजाराकडे पाहून ठरण्याऐवजी राजकारणाकडे पाहून वाढत गेला. प्रतवारी ढिली पडली. चांगल्या आणि कवडी कापसाला जवळपास एकच भाव मिळू लागला तर वेचणीच्या वेळी निवड करण्याचे कष्ट कोण घेणार?

आम्ही लहान असताना एका खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग पाहिली आहे. दोन-दोन, तीन-तीन दिवस बैल सोडून शेतकरी बंडीखालीच झोपत. ज्याला थांबणे परवडत नसे तो जागेवरच एखाद्या माणसाला कमी भावात माल देऊन टाकी आणि तो माणूस तोच माल आत नेऊन हमीभावाने घाली. मधला दलाल घालविण्यासाठी केलेल्या योजनेने नवा दलाल निर्माण केला. तो जुन्यापेक्षा वाईट होता, कारण त्याला बुडण्याची भीती नव्हती.

ही योजना जवळपास तीस वर्षे चालली. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला होता. तीस वर्षे का लागली? याचे उत्तर मला माझ्याच एका चुकीत सापडले. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात रुई दोन डॉलर पौंडाच्या वर गेली होती आणि आपल्याकडे खंडीचा भाव साठ हजारांच्या पुढे होता. सूत महागणार, कापड महागणार, असे समजून मी रमजानचा माल पाच महिने आधीच भरून ठेवला. ऑगस्टमध्ये रमजान आला तोपर्यंत रुईचा भाव निम्म्याजवळ उतरला होता. ईदच्या चंद्ररात्रीपर्यंत माझ्याकडे गठ्ठे तसेच पडून होते. घरातले दागिने मोडून मी मालधन्याचे पैसे फेडले. पण चूक मला एका हंगामात कळली, कारण पैसा माझा होता. सरकारी निर्णयात ठरविणारा वेगळा, भरणारा वेगळा. ज्याच्या खिशाला झळ लागत नाही त्याला चुकीची बातमी फार उशिरा पोहोचते आणि मधल्या पायरीवरचा प्रत्येक साहेब ती थोडी गोड करून वर पाठवतो.

याच २०११ च्या आगेमागे निर्यातीच्या धोरणातही तोच खेळ झाला. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने कापूस निर्यातीच्या सौद्यांची नोंदणी थांबविली. नंतर ५५ लाख गाठींची मर्यादा घालून दार उघडले. सुताच्या निर्यातीवरही मर्यादा आली आणि गिरण्यांच्या गोदामात सूत साठले. मग आला ५ मार्च २०१२. त्या दिवशी निर्यात तडकाफडकी बंद करण्यात आली. अंदाज होता की ८४ लाख गाठी बाहेर पाठविण्याजोग्या आहेत. प्रत्यक्षात सुमारे ९४ लाख गाठी गेल्या होत्या. देशातल्या गिरण्यांना रुई कमी पडू नये हा हेतू. पण त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीर तक्रार केली की मला विचारले गेले नाही. गुजरातचे त्या वेळचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही विरोध केला. सर्वात मोठा गिऱ्हाईक असलेल्या चीनकडून नाराजी आली. आठवडाभरात बंदी उठविण्यात आली. तरी सुरुवातीला सुटका झाली ती फक्त आधी नोंदलेल्या सौद्यांची, तीही कागदपत्रे तपासून.

येथे दोष एका मंत्र्याचा मानून चालणार नाही. कापूस ही साखळी आहे: शेतकरी, जिनिंगवाला, गिरणी, मालेगाव-भिवंडीचा मागवाला, कापड दुकानदार, शिलाई कारागीर. शेतकऱ्याला भाव चढा हवा, गिरणीला उतरता. कृषी खाते एका टोकाला बसलेले, वस्त्रोद्योग खाते दुसऱ्या टोकाला आणि दाराची किल्ली वाणिज्य खात्याकडे. ज्या दिवशी ज्याचा आवाज मोठा, त्या दिवशी निर्णय त्याचा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा ओरडतो आणि निर्णय फिरतो. फिरलेला निर्णय तर आणखी वाईट, कारण त्यानंतर परदेशी गिऱ्हाईक आपल्याशी लांबचा सौदा करायला कचरते.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. मदिनेत लोक खजुराच्या झाडांना हाताने फुलोरा लावीत होते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ते पाहून, याची गरज नसावी, असे मत व्यक्त केले. लोकांनी ते काम सोडले आणि फळ कमी आले. हे कळल्यावर आपण (स.) फर्माविले की, दुनियेच्या अशा कामातले तुम्हीच अधिक जाणता. ज्यांच्या शब्दावर लोक जीव देत, त्यांनी बागवानाचा अनुभव वर ठेवला. आज शूरेवर भाषणे आपण पुष्कळ ऐकतो, पण भाव ठरविणाऱ्या बैठकीत मागवाल्या अन्सारी भावाला किंवा जिंतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला खुर्ची मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

परराष्ट्र धोरणात अडचण आणखी वाढते, कारण समोरचाही चाल खेळतो आणि दोन्हीकडे घरचा बाजार वेगळे मागतो, घरचे राजकारण वेगळे. पाकिस्तानने ऑगस्ट २०१९ मध्ये भारताशी व्यापार थांबविला. त्याआधी फेब्रुवारीत भारताने तिकडच्या मालावर २०० टक्के शुल्क लावले होते. नंतर तिकडच्या गिरण्यांना रुई कमी पडू लागली, तेव्हा ३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून कापूस व साखर घेण्यास मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ती फेटाळली. एका दिवसाचा निर्णय!

बांगलादेशचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे, कारण तो भारतीय रुई-सुताचा मोठा गिऱ्हाईक. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांतून पुढे पाठविण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशने जमिनीवरील नाक्यांतून भारतीय सूत घेणे बंद केले. १७ मे रोजी भारताने तिकडचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने येणे थांबवून फक्त न्हावा शेवा व कोलकाता बंदर खुले ठेवले. प्रत्येक बाजूने दुसऱ्याला दाबण्याचा हिशेब केला आणि दोन्हीकडच्या धंदेवाल्यांचा वाहतूक खर्च आणि वेळ वाढला.

शेवटचे उदाहरण आयात शुल्काचे. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात बाहेरच्या कापसावर एकूण ११ टक्के शुल्क आले, शेतकऱ्यासाठी. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी काढले, गिरण्यांसाठी. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, त्याच्या आठवडाभर आधी आपल्याकडे कापसावरचे शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. ब्राझील किंवा अमेरिकेतून नवा सौदा करून माल एवढ्या दिवसांत पोहोचत नाही, हे कळल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे बाहेरची रुई उतरणार नेमकी आपल्या वेचणीच्या हंगामात. इकडे सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याची शेते पाण्यात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण कापूस महामंडळ १२ टक्क्यांवर ओलावा असलेला माल घेत नव्हते आणि नोंदणी मोबाईलच्या ॲपवर होती.

व्यापारी बांधवांनी यातून आपल्यापुरते एवढे पाहावे. वर्तमानपत्रातील घोषणेवर माल भरू नये किंवा काढू नये. अधिसूचना निघू द्यावी, तिच्यातील तारीख आणि सवलतीची शेवटची मुदत वाचावी. निर्णय आपल्या फायद्याचा दिसला तर साखळीतला कोण ओरडणार ते शोधावे. त्याचा आवाज मोठा असेल तर निर्णय टिकणार नाही असे धरून चालावे. आणि उधारीने साठा करून तेजीची वाट पाहू नये. साठेबाजीला दीनमध्ये मनाई आहे हे तर आहेच, पण माझ्या २०११ च्या गठ्ठ्यांना विचारा.

२०२५ च्या दिवाळीनंतर मानवत तालुक्यातील एक ओळखीचे शेतकरी दुकानात आले. कापूस ओला म्हणून केंद्रावर न नेता त्यांनी गावातच हमीभावापेक्षा बऱ्याच कमी भावात दिला होता. मुलीच्या लग्नाचे कापड काढून ठेवले होते, त्यातले अर्धेच घेतले. उरलेले मी परत कपाटात ठेवले नाही. त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवले आहे.