‘ओ’ म्हणजे शून्य नव्हे!

रक्तगट ओळखणे हा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सगळ्यांत लाडका प्रयोग. पांढऱ्या टाइलवर निळ्या अँटी-ए, पिवळ्या अँटी-बी आणि बिनरंगी अँटी-डीचा एकेक थेंब ठेवायचा, बोट टोचून काढलेले रक्त त्यात मिसळायचे आणि टाइल हलकेच हलवत राहायची. बघता बघता एखादा थेंब फाटतो. पाणी वेगळे, लाल कणी वेगळी. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए गट, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी आणि दोन्ही नितळ राहिले तर ओ. जर्नलवर सही होते, तास संपतो.

रोगप्रतिकारशास्त्राचा खरा धडा मात्र त्या नितळ थेंबांपासून सुरू व्हायला हवा. कारण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, जे या चाचणीत ओ दिसे. पण ते असणाऱ्यांना ओ रक्त चालत नसे! ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्या गटाला नाव पडले ‘बॉम्बे’.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ हे प्रतिजन तयार होते. त्याच्यावर आणखी एक शर्करा चढवून ए किंवा बी प्रतिजन बनते. ओ गटात ही शेवटची शर्करा चढत नाही, एच उघडे राहते. म्हणजे ओ पेशी कोऱ्या नसतात, फक्त त्यांच्यावरच्या एचबद्दल जवळजवळ कोणाच्याच शरीराची तक्रार नसते. अस्थिमज्जेत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी घडत असतानाच स्वतःच्या शरीरातल्या रेणूंना घट्ट चिकटणाऱ्या पेशी बहुतांशी बाद होतात किंवा निष्प्रभ केल्या जातात. तुमच्याआमच्या अंगात एच असतेच, त्यामुळे त्याच्यावर उठणाऱ्या पेशी गाळल्या जातात.

बॉम्बे गटाच्या माणसात फ्युकोज जोडणारे विकरच काम करत नाही. एच नाही, म्हणून ए नाही, बी नाही आणि एचविरोधी पेशी गाळण्याचे कारणही नाही. पुढे आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरच्या मिळत्याजुळत्या शर्करांशी या पेशींची गाठ पडते आणि परके रक्त एकदाही न चढवता प्रतिपिंडे तयार होतात. ती प्रामुख्याने आयजीएम जातीची, दहा हातांची. एकाच वेळी अनेक पेशी पकडतात, शिवाय रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांना जागे करतात. ती प्रथिने लाल पेशींना भोके पाडतात, हिमोग्लोबिन बाहेर सांडते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. टाइलवर अँटी-डीने तपासल्या जाणाऱ्या आरएचचे तसे नाही. डी हे प्रथिन आहे, त्याची नक्कल करणारे जिवाणू आतड्यात नसतात. म्हणून अँटी-डी प्रतिपिंडे सहसा डी असलेल्या रक्ताशी संबंध आल्यावरच बनतात आणि आरएच निगेटिव्ह आईचे पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते.

‘सर्वदाता गट कोणता?’ हा एका गुणाचा प्रश्न अजून विचारला जातो. अपेक्षित उत्तर ‘ओ’, पण बॉम्बे गटाला तेही चालत नाही. माझ्या मते तो प्रश्नपत्रिकेतून काढूनच टाकावा. आणखी एक गंमत: बॉम्बे गटाच्या व्यक्तीकडे ए किंवा बीचे जनुक असू शकते, फक्त ते दिसत नाही. ते मुलात उतरून प्रकट होते. ‘ओ’ बापाला एबी मूल झाले म्हणून आईवर संशय घेणाऱ्या मालिकालेखकांनी हे ध्यानात ठेवावे.

टाइलवरची चाचणी फक्त पेशी तपासते. रक्तपेढीत उलट चाचणीही करतात: रुग्णाचा रक्तद्रव घेऊन तो ए, बी आणि ओ पेशींत मिसळतात. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या, की बॉम्बे गटाचा संशय येतो.

भारतात साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असे या गटाचे प्रमाण सांगितले जाते. बॉम्बे गटाला फक्त बॉम्बे रक्तच चालते आणि हा गट अप्रभावी जनुकांमुळे येत असल्याने सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता निदान चारात एक असते. घरात कोणाचा हा गट निघाला, तर रक्ताची गरज पडण्याची वाट न पाहता भावंडांचीही पूर्ण तपासणी करून घ्या आणि त्यांची नावे रक्तपेढीत नोंदवून ठेवा.