चुनखडीच्या जिल्ह्यात गंधकाचा धूर

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस किंवा दुर्गापूरला दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी झटकूनच घरात घ्यावं लागतं. बोटाला काळं लागलं तर तो कोळसा, करडं लागलं तर राख. ही धूळ निदान दिसते तरी. धुराड्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड मात्र दिसत नाही, म्हणून त्याच्यावरचा नियम कितीदा पुढे ढकलला गेला हेही कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला ताडोब्याकडे जाणारं जंगल. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मोजमाप केलं, तेव्हा १०० पैकी ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं आलं. त्याच्या पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. सत्तरच्या वरची क्षेत्रं अतिप्रदूषित ठरली आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांना मंजुरी देणं थांबवण्यात आलं.

७ डिसेंबर २०१५ ला केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांच्या मर्यादा घातल्या. २०१७ च्या आधीच्या ५०० मेगावॅट व त्यावरच्या संचांना गंधकासाठी मर्यादा होती घनमीटरला २०० मिलिग्रॅम, आणि मुदत दोन वर्षं. ती मुदत २०२२ वर गेली, मग आणखी पुढे, पुन्हा पुढे. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे चार पंचमांश क्षमतेला गंधकाच्या मर्यादेतून मोकळंच केलं. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या दहा किलोमीटरांतली केंद्रं ‘ब’ वर्गात राहिली. त्यांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेका केंद्राचा विचार करून घेणार. चंद्रपूर या वर्गात बसतं.

सूट देण्यामागचा युक्तिवाद असा, की भारतीय कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेतच. मला तो अपुरा वाटतो. हा वायू हवेत वायू म्हणूनच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, फुफ्फुसात खोल उतरतात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. त्या हिशेबाने गडचिरोलीचं जंगल शेजारीच आहे. धुराड्याजवळचा आकडा कमी आला, एवढ्यावर हे कण निकालात निघत नाहीत.

गंधक पकडण्याचं तंत्र तर जुनं आहे. धूर उंच मनोऱ्यातून नेतात, वरून चुनखडीच्या पाण्याचे फवारे सोडतात, गंधक चुन्याशी जुळतं आणि खाली जिप्सम उरतं. ही चुनखडी कुठून आणायची? कोरपना, राजुरा, गडचांदूरच्या जमिनीत ती आहे. त्यावरच तिथले सिमेंट कारखाने उभे आहेत. सिमेंट दळताना जिप्सम घालावंच लागतं, म्हणजे उरलेल्या मालाला गिऱ्हाइकही याच जिल्ह्यात. यंत्रणा महाग आहे, ती वीज आणि पाणी खाते, हे खरं. पण दगड आणि बाजार दोन्ही दारात असताना इतरांसाठीचा हिशेब चंद्रपूरला लावणं चूक आहे.

चंद्रपूरकरांनी समितीकडे एवढं मागावं: प्रत्येक संचाच्या धुराड्याची मोजणी मराठीतून जाहीर करा, आणि चुनखडी-जिप्समचा जिल्ह्यातला हिशेब मांडल्याशिवाय सूट देऊ नका.