वस्तुसंग्रहालयातील रुग्णशय्या

चिखलीहून मुंबईस गेल्यावर आपल्यापैकी अनेकजण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची घुमटाकार वास्तू आवर्जून पाहतात. ही इमारत १९१४ साली पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणूनही करण्यात आला. संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली.

त्या काळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी लढत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत येथे त्यांना वेढा पडला. भाजीपाला मिळेना, घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक भारतीय सैनिक तयार होईनात. परिणामी अनेकांना स्कर्व्ही जडला. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या विकारात हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात व जखमा लवकर भरत नाहीत. लिंबू आणि हिरवी भाजी एवढेच त्यावरील औषध. तेच तेथे नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले.

या आघाडीवरील इतर आजारी व जखमी सैनिक नदीमार्गे बसऱ्यास आणि तेथून जहाजाने मुंबईस येत. वाटेत त्यांची इतकी हेळसांड झाली की, १९१७ च्या चौकशी अहवालात वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवण्यात आला.

मुंबईस पोहोचलेला सैनिक वाचला, तरी त्याचे गाव अद्याप दूरच होते. रणात पडलेल्यांची स्मारके उभी राहतात; रुग्णशय्येवर झुंजलेल्यांची क्वचितच. पुढील भेटीत त्या घुमटाखाली क्षणभर थांबून त्यांचेही स्मरण करू या.