गाण्याचे मालक किती?

गेल्या हिवाळ्यात इंदूरला मामांच्या घरी लग्न होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि संध्याकाळच्या स्वागतसमारंभाची तयारी सुरू झाली. इतक्यात मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक एक छापील कागद घेऊन आले. ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचे असल्यास त्याच्या परवानगीची जबाबदारी यजमानांची राहील, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. मामा चिडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अरे, तू सरकारात आहेस ना? मग सांग. दरमहा पैसे भरून आम्ही ही गाणी फोनवर ऐकतो. आता आमच्याच मुलीच्या लग्नात ती वाजवायला परवानगी कोणाची घ्यायची?”

मी म्हणालो, “मामा, तुम्ही पैसे भरले ते ऐकण्याचे. गाणे तुम्ही विकत घेतलेले नाही.”

या उत्तराने मामांचे समाधान झाले नाही, आणि ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. जमिनीचा सातबारा असतो, घराचे खरेदीखत असते. गाण्याला असा एखादा उतारा दाखवता येत नाही. म्हणूनच गाणे कोणाचे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर आपल्या देशातील न्यायालयांना गेली पन्नास वर्षे वारंवार निवाडे द्यावे लागले आहेत. त्या वादांची हकीकत आज थोडक्यात सांगावी असा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कानाला एकसंध वाटणारे गाणे कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नसते. जुन्या वाड्यात जसे अनेक भाऊबंद नांदतात आणि प्रत्येकाचा हिस्सा निराळा असतो, तसेच गाण्याचे आहे. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, त्या दोहोंचे ध्वनिमुद्रण ते करून घेणाऱ्या निर्मात्याचे किंवा कंपनीचे, आणि गायनाविषयीचा हक्क गायकाचा. प्रत्येक हिस्स्याची मुदतही वेगळी. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे, तर गायकाचा हक्क ५० वर्षे राहतो. तुकोबांचा अभंग कोणीही गावा, त्याच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही. परंतु त्या अभंगाला कोणा आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल आणि त्या चालीचे ध्वनिमुद्रण यांवर मात्र मालकी असू शकते.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली. एकीकडे चित्रपटगीते घरोघर पोचू लागली आणि दुसरीकडे त्या गीतांवर हक्क कोणाचा हे ठरवणारा कायदा पुस्तकात आला. पण कायद्यातील शब्द आणि व्यवहारातील वस्तुस्थिती यांचा मेळ लगेच बसला नाही. चित्रपटाचा निर्माता संगीतकाराला आणि गीतकाराला एकरकमी मोबदला देई आणि गाणे आपले झाले असे मानी. पार्श्वगायकांची स्थिती याहून नाजूक होती. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टीचा वाटा मिळावा असा आग्रह धरला. ठरलेली रक्कम घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे मोहम्मद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेही थांबवले. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. कायदाच त्या बाबतीत मुका होता.

१९६९ साली गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी एक संस्था स्थापन झाली. तिने आपले दर जाहीर करताच चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनांनी हरकत घेतली. स्वामित्वहक्क मंडळाने संस्थेच्या बाजूने कौल दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करवून घेतले असेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. उलट करार असेल तरच निराळे, असा त्या निकालाचा इत्यर्थ होता. कायद्याच्या चौकटीत तो योग्यच होता. परंतु त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपली स्वतंत्र टीप जोडली. भारतीय श्रोता भाळतो तो गळ्यावर, आणि आपला कायदा मात्र कागदावर उतरलेल्या स्वरलिपीला हक्क देतो व गायकाला रिकाम्या हाताने परत पाठवतो, ही खंत त्यांनी तीत व्यक्त केली होती. न्यायाधीशाला कायदा बदलता येत नाही. पण त्यातले उणे दाखवता येते. १९९४च्या दुरुस्तीने गायकादी कलावंतांना प्रथमच स्वतंत्र हक्क मिळाला, आणि संगीतकृती स्वरलिपीत लिहिलेली असलीच पाहिजे ही अटही गेली.

तरी मूळ दुखणे शिल्लकच होते. गरजू माणूस करारावर सही करताना पुढच्या तीस वर्षांचा विचार करत नाही. एका रात्रीत लिहिलेले गीत पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहावे आणि त्याच्या कर्त्याने म्हातारपणी औषधपाण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा, हे आपल्याकडे अपूर्व नव्हते. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा प्रश्न जोराने मांडला. मे २०१२ मध्ये संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती संमत केली. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी केलेल्या कृतीतून मिळणाऱ्या रॉयल्टीतील आपला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला आता सोडून देता येत नाही. तो त्यांच्या वारसांना किंवा स्वामित्वहक्क संस्थेलाच देता येतो. त्यांनी सोडतो असे लिहून दिले तरी ते लिहिणे व्यर्थ ठरते. अपवाद एकच: चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गीत वाजते तेव्हा हा वाटा मागता येत नाही. दुबळ्या पक्षाला त्याच्या स्वतःच्या सहीपासून वाचवणारे कायदे थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे. त्याची फळे सावकाश येत आहेत. ध्वनिमुद्रिका वाजवताना तिच्यातील शब्दांचे आणि चालीचे वेगळे पैसे देणे लागत नाही, असे खाजगी नभोवाणी केंद्रांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मधील अंतरिम आदेशात ते प्रथमदर्शनी नाकारले आणि कर्त्यांचा वाटा मान्य केला.

२०१२च्या दुरुस्तीत आणखी एक कलम होते. प्रत्येक गाण्यासाठी प्रत्येक मालकाशी बोलणी करत बसणे प्रक्षेपण करणाऱ्यांना अशक्य असते. म्हणून आधी नोटीस द्यावी, ठरवून दिलेल्या दराने पैसे आगाऊ भरावेत आणि गाणे लावावे. मालकाच्या संमतीसाठी थांबण्याचे कारण नाही, अशी सोय त्या कलमाने केली. मालकाचा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार लोकहितासाठी इथे आखडता घेतला आहे. मग प्रश्न आला की, ही सवलत आंतरजालावरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनाही आहे काय?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तो टिप्स इंडस्ट्रीज ही संगीत कंपनी आणि विंक ही एअरटेलची संगीतसेवा यांच्या वादात. आधीचा परवाना संपला होता आणि नव्या रकमेविषयी बोलणी फिसकटली होती. तेव्हा विंकने, आम्हीही प्रक्षेपणच करतो, असे म्हणून या कलमाचा आसरा घेतला. आपल्या बाजूने तिने केंद्र सरकारच्या एका खात्याचे सप्टेंबर २०१६ मधील ज्ञापनही पुढे केले. आंतरजालावरील प्रक्षेपणही या कलमात येते, असा अर्थ त्यात लावलेला होता. एप्रिल २०१९ मध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी निकाल दिला तो टिप्सच्या बाजूने. गाणे फोनवर उतरवून घेऊन हवे तेव्हा ऐकता येते, तेव्हा ते प्रक्षेपण नसून प्रत देणे होय; आणि कलमाचा रोख नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरच आहे. २०१२ साली आंतरजाल काही अज्ञात नव्हते. संसदेला ते त्यात घालायचे असते तर तिने तसे लिहिले असते. ज्ञापनाविषयी न्यायालय म्हणाले की, त्याला कायद्याचे बळ नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्विसदस्य पीठाने हा निर्णय कायम केला. २०२४ साली विंकची ती सेवा बंद झाली, पण निकालाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आंतरजालावर गाणी ऐकवणाऱ्याला मालकाशी बोलणी करावीच लागतात. तयार दराचा आडोसा त्याला नाही.

याच्या उलट बाजूचा प्रश्न दिल्लीला उपस्थित झाला होता. सुपर कॅसेट्स या कंपनीने मायस्पेस या संकेतस्थळावर दावा लावला. तेथे गाणी स्थळाचा मालक ठेवत नव्हता, हजारो अनामिक लोक ठेवत होते. मग दोषी कोण? २०११ साली एका न्यायमूर्तींनी संकेतस्थळाला जबाबदार धरले. डिसेंबर २०१६ मध्ये द्विसदस्य पीठाने तो आदेश बदलला. आपल्या स्थळावर कुठेतरी चोरीची गाणी असतील, एवढी मोघम जाणीव पुरेशी नाही. मालकाने नेमकी यादी द्यावी, आणि ती मिळाल्यावर स्थळाने ती गाणी ३६ तासांत काढून टाकावीत, असे पीठाने ठरवले. बाजारात चोरीचा माल विकला गेला म्हणून सगळ्या बाजारालाच टाळे लावता येत नाही. पण कोणत्या दुकानात कोणता माल आहे हे कळल्यावर डोळेझाक करण्याचीही मुभा नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. विवाहाशी निगडित मिरवणूक आणि इतर सामाजिक सोहळे यांतील संगीताला कायद्याने सूट दिली आहे, हे खरे. पण त्या सूटीची सीमा कोठवर, यावर वाद होतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढून या सूटीची आठवण करून दिली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढले. लग्नसमारंभातील संगीतासाठी परवानगीचा आग्रह कोणी धरू नये, असा त्याचा आशय होता. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. सूट जेवढी कायद्यात आहे तेवढीच. परिपत्रकाने तिचा पैस वाढवता येत नाही.

माझा जन्म परिपत्रके लिहिण्यात आणि वाचण्यात जात असल्याने हे दोन निकाल मला विशेष मननीय वाटतात. ज्ञापनाने परवाना निर्माण होत नाही आणि परिपत्रकाने हक्क नाहीसा होत नाही. लोकांची सोय पाहणारा अधिकारी वाईट नसतो. पण तो सोय करून देतो तेव्हा कोणाच्या तरी खिशातून ती देत असतो, आणि तो खिसा बहुधा दूर कुठेतरी बसलेल्या कवीचा किंवा संगीतकाराचा असतो.

त्या संध्याकाळी मामांनी सनई आणि तबल्याची एक स्थानिक जोडी बोलावली. मंडळी खूश झाली आणि कागद तसाच राहिला. प्रत्येक वेळी असा मार्ग निघेल असे नाही. वाटा देणे भाग पडेल तेव्हा तो का द्यायचा, एवढे तरी आपल्याला उमगलेले असावे.

शेवटी प्रक्षेपणाच्या त्याच कलमातील एक बारीकशी अट सांगतो. गाणे त्या सवलतीखाली लावताना त्याचे कर्ते आणि मुख्य कलावंत यांची नावे जाहीर करावीत, असे त्यात लिहिले आहे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण रेडिओपाशी गेले, त्यांच्या कानांत ती नावे अजून असतील: हे शब्द कोणाचे, ही चाल कोणाची, हा आवाज कोणाचा. पुढे जे साधन येईल, मग ते कोणतेही असो, तेही हाच प्रश्न पुन्हा उभा करील. उत्तराची सुरुवात मात्र त्या जुन्या उद्‌घोषणेतच आहे. ज्याचे नाव आपण घेतो, त्याचे देणे बुडवणे आपल्याला जड जाते.